कोल्हापूर-रत्नागिरी ‘सीगल दर्शन’ सहल : मार्गदर्शक उत्तम, जाहिरात ढिसाळ

हिवाळ्यात कोल्हापुरातून निघणाऱ्या एकदिवसीय पक्षी सहलींपैकी एका स्थानिक आयोजकाची ‘सीगल दर्शन’ ही सहल फेब्रुवारीच्या अखेरीस केली. पहाटे दसरा चौकातून निघून मलकापूर, आंबा घाट, साखरपा या मार्गाने सकाळी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर पोहोचायचे आणि रात्री परत यायचे, असा कार्यक्रम होता. जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘सीगल’ असे छापले होते. मात्र त्यावरील छायाचित्र, दुभंगलेली शेपटी आणि निमुळते पंख पाहता, सरळसरळ सुरय (टर्न) या दुसऱ्याच पक्ष्याचे होते.

सहलीचे पैसे वसूल झाले ते मार्गदर्शकामुळे. सीगल नावाचा कोणताही एक पक्षी नसून कुरव कुळातल्या अनेक जातींना सरसकट दिलेले ते बोलीतले नाव आहे, हे त्यांनी बंदरावर उतरताच सांगितले आणि लगेच दुर्बिणीतून दाखवूनही दिले. मासळी उतरवणाऱ्या होड्यांभोवती तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव एकत्रच घिरट्या घालत होते. काळ्या टोकाच्या पंखावर पांढरा ठिपका आणि फिकट बुबुळ असेल तर तो तपकिरी डोक्याचा, हे एकदा लक्षात आले की मग नजर चुकत नाही. (काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके विणीच्या काळातही काळे नव्हे, चॉकलेटी तपकिरी असते, नाव ठेवणाऱ्याने घाई केली असावी.) थंडीत दोघांचीही डोकी पांढरी असून डोळ्यामागे केवळ एक गडद डाग उरतो, आम्ही गेलो तेव्हा काहींच्या डोक्यावर नवा रंग धब्ब्याधब्ब्यांनी उमटू लागला होता. तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून एका कुरवाच्या चोचीच्या टोकाशी लोंबणारा थेंब दिसला. समुद्राच्या पाण्यातले जादा मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथींतून नाकपुड्यांवाटे असे बाहेर टाकले जाते, असा त्याचा खुलासा मिळाला. ‘सीगल’ या नावात समुद्र (सी) असलेला हाच तपकिरी डोक्याचा कुरव लडाख आणि तिबेटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून 4,500 मीटरच्या आसपास असलेल्या त्सो मोरिरीसारख्या सरोवरांवर वीण घालतो, ही माहिती मात्र गाडीतल्या बहुतेकांना नवी होती.

दुपारच्या नौकाफेरीबद्दल तक्रार आहे. आयोजकाच्या माणसाने छायाचित्रांसाठी पक्ष्यांना फरसाण भिरकावले. मार्गदर्शकांनी आक्षेप घेऊनही ते थांबले नाही. तळलेले, तिखट-मिठाचे पदार्थ हे पक्ष्यांचे अन्न नव्हे, शिवाय एवढ्या झुंबडीत कोणतीही जात धड ओळखता येत नाही.

गाडी स्वच्छ होती, चालकाने घाट जपून उतरवला, न्याहारी यथातथाच होती. भाड्याने मिळणाऱ्या दुर्बिणी मोजक्या असल्याने त्या आळीपाळीने वापराव्या लागतात, त्यामुळे शक्य असल्यास स्वतःची 8×42 (आठपट मोठे दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण न्यावी. नोंदणी करण्यापूर्वी सोबत कोणते मार्गदर्शक येणार आहेत हे विचारावे आणि फरसाणाची फेरी नको असल्याचे स्पष्ट सांगावे. मार्चनंतर ही सहल घेण्यात अर्थ नाही, कारण तोवर बहुतेक कुरव उत्तरेकडे निघून गेलेले असतात.