‘प्रोटोकॉल लायसन्स’च्या नावाखाली २४,७०० रुपये गेले: कोल्हापुरातील लॉजमालकांनी हे वाचावेच

सगळ्या खोल्यांचे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि एसी एकाच युनिव्हर्सल रिमोटवर चालवून देतो, असे सांगून एका इसमाने माझ्याकडून २४,७०० रुपये नेले. हिशेब असा: १६ रिमोट, नगाला ८५० रुपये, म्हणजे १३,६००, तीन ‘प्रोटोकॉल लायसन्स’, प्रत्येकी २,४००, म्हणजे ७,२००, आणि सहा एसींच्या ‘कोड फाइल’साठी ६५० प्रमाणे ३,९००. यांपैकी १०,००० रुपये मी यूपीआयने दिले आणि १४,७०० रोख. रोख रकमेची पावती त्याने ‘उद्या जीएसटीची पक्की देतो’ या शब्दांवर लांबवली. रक्कम लाखांत नाही हे मला कळते, पण महाद्वार रोडच्या गल्लीत छोटे यात्री निवास चालवणाऱ्याला ती लहानही नाही.

मी हुरळून गेलो होतो, असे कोणी समजू नये. खोल्यांतील टीव्ही वेगवेगळ्या वर्षी घेतलेले, कंपन्या चार, सेट-टॉप बॉक्स दोन प्रकारचे, आणि अंबाबाईच्या दर्शनाला आलेली कुटुंबे जाताना रिमोट पिशवीत घालून नेतात, हा माझा जुना त्रास आहे. नवरात्र तोंडावर आले होते आणि खोल्या आगाऊ भरल्या होत्या. अशा वेळी नीटनेटका कपडे केलेला माणूस येतो, ‘मालक, एनईसी, आरसी-५ आणि सोनी, तिन्ही प्रोटोकॉल टाकून देतो, परत बघायला लागणार नाही’ असे सांगतो आणि ३६, ३८, ४० किलोहर्ट्झचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतो, तेव्हा त्याला खोटा ठरवणार कसा? (प्रोटोकॉल म्हणजे रिमोट यंत्राशी ज्या सांकेतिक भाषेत बोलतो ती; ही तिन्ही अशा भाषांची नावे.) आकडे तर बरोबरच होते. आरसी-५ ची वाहक लहर, म्हणजे रिमोटचा दिवा ज्या वेगाने लुकलुकतो तो वेग, ३६ किलोहर्ट्झची, एनईसीची ३८ ची आणि सोनीची ४० ची असते, हे मी नंतर तपासले. खरी माहिती सांगून फसवणारा माणूस ओळखणे सर्वांत अवघड असते.

आता तो क्षण, जो आजही डोक्यातून जात नाही. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत त्याने प्रात्यक्षिक दाखवले. उजव्या हातात रिमोट होता आणि डाव्या हातात मोबाईल, कारण ‘कोडची यादी मोबाईलमध्ये आहे’. टीव्हीच्या आवाजाची पट्टी पुढे सरकली आणि त्यानंतर त्याचा अंगठा रिमोटच्या बटणावर पडला. आधी पट्टी, मग अंगठा. मी हे पाहिले. त्यानंतर त्याने एसीकडे हात वळवला आणि २६ वर असलेला एसी एका दाबात थेट २२ वर आला. रिमोटचे बटण एकदा दाबल्यावर तापमान एका अंशाने खाली येते, चारने नाही, हे रोज एसी चालवणाऱ्या माझ्यासारख्याला सांगावे लागू नये. पण त्याच वेळी खाली काउंटरवर सोलापूरचे एक मोठे कुटुंब ताटकळत उभे होते, आणि पाहिलेल्या गोष्टीचा विचार करायला मला कोणी उसंत दिली नाही.

शाओमीच्या कित्येक फोनांच्या वरच्या कडेला इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा, दिवा असतो आणि रिमोटचे ॲप त्यातून संदेश सोडते. टीव्ही आणि एसी त्याने डाव्या हातातल्या तशाच फोनने चालवले, रिमोटने नाही, हे मला आता स्पष्ट दिसते. एसी २२ वर का उडाला, तेही कळले. एसीचा रिमोट ‘एक अंश कमी’ असा निरोप पाठवत नाही. तापमान, मोड, पंख्याचा वेग अशी सगळी स्थिती प्रत्येक दाबाला एकत्र पाठवतो. ॲपमध्ये जी स्थिती होती ती एसीने जशीच्या तशी स्वीकारली.

सोळा रिमोट टेबलावर ठेवून, ‘सर्व्हरवरून कोड २४ तासांत ॲक्टिव्ह होतील’ असे सांगून तो गेला. ज्या वस्तूत दोन पेन्सिल सेल, एक साधी चिप आणि एक दिवा याखेरीज काही नाही, तिला सर्व्हर कुठून दिसणार? पण आपल्याकडे सिमकार्डापासून बँकेच्या कार्डापर्यंत सगळेच ‘२४ तासांत’ चालू होते, म्हणून कोणीही गप्प बसला असता. माझ्या भाच्याने, जो इंजिनिअरिंगला आहे, आर्डुइनो नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला इन्फ्रारेड रिसीव्हर जोडून ते रिमोट तपासले. एनईसीच्या संदेशात आधी ९ मिलिसेकंदांचा ठोका, मग साडेचार मिलिसेकंदांची शांतता, आणि त्यानंतर ३२ बिट येतात: यंत्राचा पत्ता, त्याची उलट प्रत, आज्ञा आणि तिची उलट प्रत. सोळाही रिमोटांतून पत्ता एकच निघाला. म्हणजे ते एकाच कंपनीच्या टीव्हीचे साधे रिमोट होते आणि तसे टीव्ही माझ्या चारच खोल्यांत आहेत. आरसी-५ नाही, सोनी नाही, एसी तर नाहीच. तोच रिमोट शाहूपुरीत १८० रुपयांना मिळाला.

‘प्रोटोकॉल लायसन्स’ म्हणून ग्राहकाला वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. प्रोटोकॉल रिमोटच्या चिपमध्येच असतो आणि ब्रँडचा कोड डब्यातल्या कागदावर छापलेला असतो. शिकणारा रिमोट हवा असेल तर त्याला संदेश घेणारा डोळाही लागतो. मूळ रिमोट त्याच्यासमोर धरून एकेक बटण शिकवावे लागते. माझ्याकडचे रिमोट फक्त बोलणारे होते, ऐकणारे नव्हते. ब्लूटूथवर चालणारा व्हॉइस रिमोट तर अशा रीतीने शिकवताच येत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता सरकारी यंत्रणेविषयी. पोलीस ठाण्यात मला पहिला प्रश्न विचारला गेला, ‘रिमोट चालत नाही म्हणून गुन्हा दाखल करायचा का?’ आणि खोलीतले सगळे हसले. मी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) चा उल्लेख केला. फसवून मालमत्ता द्यायला लावणे हा त्यानुसार दखलपात्र गुन्हा आहे. त्यावर उत्तर मिळाले, ‘व्यवहार तुम्ही स्वतः केला, हा दिवाणी वाद आहे.’ यूपीआयच्या रकमेसाठी सायबरकडे जा, असे सांगितले. सायबरवाल्यांनी, माणूस समोर उभा होता, म्हणजे हे ऑनलाइन नव्हे, असे सांगून परत ठाण्याकडे पाठवले. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयातील कारकुनाने तर, रिमोट लॉजसाठी घेतले म्हणजे व्यावसायिक हेतू, तुम्ही ग्राहकच नाही, असा निकाल उभ्या उभ्या दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूला या अपवादातून सूट आहे, हे त्याला मी सांगायचे का त्याने मला? घरपट्टीला एक महिना उशीर झाला की नोटीस दारावर चिकटते. माझ्या अर्जावर पोच शिक्का मारायलाही शाई नव्हती.

ठाण्याने तक्रार नाकारली तर ती लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा; मी पाठवली आहे. यूपीआयने पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करा, माझ्यासारखे २४ तास थांबू नका. प्रात्यक्षिकाच्या वेळी समोरच्याचा मोबाईल खोलीबाहेर ठेवायला लावा. रिमोटचे तोंड आपल्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. दिवा जांभळट चमकला तर निदान काही बाहेर पडते, एवढे तरी समजेल. प्रत्येक खोलीत, प्रत्येक यंत्रावर स्वतःच्या हाताने चालवून पाहिल्याशिवाय रोख रकमेला हात लावू देऊ नका.

स्टेशन रोडवरच्या एका ओळखीच्या लॉजमालकाने सांगितले की, तो ठग आता मंगल कार्यालयांकडे वळला आहे आणि ‘लायसन्स’ऐवजी ‘कोड रिन्युअल’ म्हणतो. दर मात्र तोच आहे, नगाला ८५० रुपये.