जंगली कोकोचं डार्क चॉकलेट घ्यावं की लागवडीच्या कोकोचं?

दोन्ही वेष्टनांवर ७० टक्के कोको असं छापलेलं असतं, तरी जंगली कोकोचा बार बराच महाग पडतो. हे जास्तीचे पैसे मोजावेत का? माझं मत आधीच सांगते. चॉकलेट नुसतंच, सावकाश चघळत खायचं असेल तर जरूर मोजावेत. केक-ब्राउनीत घालायचं असेल तर मुळीच नकोत. साखर, लोणी आणि ओव्हनच्या आचेपुढे त्या कोकोचा नाजूक गंध टिकत नाही.

जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतल्या लागवडीतून येतो. झाड मूळचं मात्र अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातलं, आणि तिथे ते आजही रानात आपसूक वाढतं. बोलिव्हियाच्या बेनी भागात गवताळ मैदानं पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि उंचवट्यांवरची झाडी बेटांसारखी उरते. कोको असतो तो या झाडीत. फेल्खलिन या स्विस कंपनीचं ६८ टक्क्यांचं ‘क्रू सोव्हाज’ या बेनीच्या कोकोचं. ब्राझीलमध्ये पुरूस नदीकाठचा जंगली कोकोही चॉकलेटसाठी गोळा होतो.

बेनीची बी नेहमीच्या बीच्या जेमतेम निम्म्या आकाराची असते. म्हणजे तेवढाच कोको मिळवायला बिया जास्त फोडायच्या, टरफल जास्त जायचं आणि भाजताना डोळ्यात तेल घालून बसायचं, कारण बारीक बी पटकन करपते. शिवाय झाडं विखुरलेली, वाट पाण्यातून. किंमत वाढते ती इथे.

खरी कसोटी मात्र आंबवण्याची. फळ फोडलं की बियांभोवतीचा पांढरा गोड गर लगेच आंबायला लागतो. त्या लाकडी पेट्यांत भरून, केळीच्या पानांनी झाकून, अधूनमधून वरखाली करत साधारण पाच ते सात दिवस ठेवल्या तर चॉकलेटची चव तयार होते. मळ्यात फळं हाताशी असतात, एकाच वेळी पुरेसा ढीग जमतो, त्यामुळे हे काम काट्यावर होतं. रानातून बिया आणण्यात वेळ गेला की त्या कुजायला लागतात. म्हणून नुसतं ‘जंगली’ हे विशेषण चवीची हमी देत नाही. नीट न आंबवलेल्या जंगली कोकोपेक्षा नीट आंबवलेला मळ्याचा कोको मी केव्हाही पसंत करेन.

चांगल्या बेनी चॉकलेटमध्ये कडवटपणा कमी, मधासारखी गोडसर छटा आणि फुलांचा हलका वास येतो. मळ्याच्या एकाच प्रदेशातल्या कोकोचे बार जास्त ठसठशीत असतात: मादागास्करचा लाल फळांसारखा आंबट, घानाचा सरळ, भरदार. लहानपणापासून ‘चॉकलेट’ म्हणून जी चव ओळखीची आहे तीच हवी असेल तर घानाचाच घ्या. दरवर्षी तीच चव हवी असेल तरीही मळ्याचाच बरा. जंगली कोकोची चव हंगामागणिक बदलते.

आरोग्याच्या बाबतीत जंगली म्हणजे जास्त शुद्ध, असं मानू नका. कॅडमियम हा शरीराला घातक जड धातू; तो मातीतून बीमध्ये उतरतो आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही भागांत तो जास्त आढळतो. युरोपीय संघाने ५० टक्के किंवा त्याहून जास्त कोकोच्या चॉकलेटसाठी २०१९ पासून किलोमागे ०.८० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली आहे. रोज मोठा तुकडा खाणाऱ्यांनी बनवणाऱ्याला तपासणीबद्दल जरूर विचारावं.

जंगलासाठी म्हणून घेणार असाल तर कारण चांगलंच आहे: झाड उभं असताना पैसा मिळाला तर ते तोडण्याची घाई राहत नाही. पण वेष्टनावरच्या पोपटाच्या चित्राला भुलू नका. नदीचं किंवा भागाचं नाव, हंगामाचं वर्ष आणि बिया कोणी गोळा केल्या, आंबवल्या, एवढं लिहिलेलं असेल तर जास्तीचे पैसे द्या. घटकांत कोको, साखर आणि फार तर कोको बटर असावं; व्हॅनिला घातलेला जंगली बार मी घेत नाही, कारण ज्या वासासाठी पैसे मोजले तोच त्याखाली दबतो.