उद्यमचा कोड चुकलाय? मग लातूरच्या या सेंटरवर एकदा जाऊन याच

४ स्टार देतोय, एक का कापला ते खाली लिहिलंय. पण आधी हे सांगतो की उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), अन्न प्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेचा फॉर्म, जीएसटी असलं काही काम असेल आन आपला धंदा नेमका कशात बसतो हेच आपल्याला नक्की माहीत नसेल तर लातूरमध्ये मी तरी दुसरीकडं कुठं पाठवणार नाही. गेल्या वर्षभरात मी ३ वेळा इथं आलोय, साडूला आणलं, भाच्याला आणलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ असेल तर पूर्ण वाचा.

आमची औसा तालुक्यात छोटी डाळमिल आहे. पत्र्याचं शेड, दोन मशीन, हंगामात ५ माणसं, तूर आन हरभरा दोन्ही करतो. नवीन ग्रेडर आन पॅकिंग मशीन घ्यायचं होतं म्हणून पीएमएफएमईमधून, म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया वाल्या योजनेतून कर्ज काढायचं ठरवलं, त्यात प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखापर्यंत सबसिडी असते. उद्यम सर्टिफिकेट आधीच काढलेलं होतं, दुसऱ्या एका सेंटरवरून. नाव घेत नाही. त्या पोरानं मला एकच प्रश्न विचारला होता, "दुकान कशाचं आहे?" मी म्हणलं डाळीचं. झालं, त्यानं किरकोळ विक्रीचा ४७ नंबरचा कोड टाकला, २००० रुपये घेतले आन प्रिंट हातात दिली. मला काय माहीत की उद्यमची सरकारी फी शून्य आहे, आन मला हेही माहीत नव्हतं की त्या ५ आकडी कोडमध्ये आपला अख्खा धंदा काय आहे ते लिहिलेलं असतं.

बँकेत साहेबांनी सर्टिफिकेट बघितलं आन म्हणाले, तुम्ही तर कागदावर किराणा दुकानदार दिसताय, प्रक्रिया उद्योग कुठाय यात? व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून उद्यममध्ये घेतलंय खरं, पण ते फक्त प्राधान्य क्षेत्र कर्जापुरतं, म्हणजे बँकांना ठरावीक धंद्यांना द्यावंच लागतं त्या कर्जापुरतं, आन आम्ही तर मागत होतो प्रक्रिया उद्योगाची सबसिडी. तूर निघायच्या तोंडावर फाईल परत आली. त्या दिवशी बँकेतून घरी येताना बायकोशी एक शब्द बोललो नाही मी. शेडमध्ये दिवसभर मशीनचा आवाज, अंगावर भुसा, आन कागद म्हणतोय की तुम्ही काही बनवतच नाही, नुसतं विकता. लई लागलं मनाला.

मग मार्केट यार्डातल्या एका अडत्यानं या सेंटरचा पत्ता दिला. इथं ज्या ताई बसतात त्यांनी माझा आधार नंबर मागितलाच नाही आधी. म्हणाल्या, "काका, तुमी शेडमध्ये नेमकं काय करलालाव ते सांगा, तूर आत आल्यापासून पोत्यात भरून बाहेर पडेपर्यंत. कोडचं नंतर बघू." मी सांगत गेलो आन त्यांनी एका वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर लिहून घेतलं. तूर येते, चाळणीवर खडे माती काडीकचरा काढतो, मोठा दाणा बारीक दाणा वेगळा करतो, रोलरवर खरडून घेतो, तेल पाण्याचा हात लावून उन्हात वाळवतो, परत मशीनला घालून भरडतो, मग डाळ वेगळी, साल वेगळं, चुनी वेगळी. चुनी गावातले लोक जनावराला नेतात.

त्यांनी ग्रेडिंगच्या, म्हणजे मोठा बारीक दाणा वेगळा करायच्या ओळीखाली पेनानं एक आडवी रेघ मारली. म्हणाल्या, या रेघेच्या वर थांबला असता तर तुम्ही शेतीत. म्हणजे तूर नुसती साफ करून, ग्रेड करून पोत्यात भरली तर ती अजून तूरच असते, ते काढणीनंतरचं काम, एनआयसीमध्ये, म्हणजे धंद्यांच्या सरकारी यादीत, ०१६३, शेतीच्या ए विभागात. पण रोलरवर साल निघालं, दाण्याचे दोन भाग झाले की माल बदलला, तूर गेली डाळ आली, तिथून उत्पादन सुरू, सी विभाग, आन डाळ भरडण्याचा कोड १०६१३. तीच डाळ दुसऱ्यानं घेऊन विकली की जी विभाग, व्यापार. ट्रकमध्ये चढली की एच, वाहतूक. मी २० वर्षं तूर हाताळतोय पण एकाच दाण्याच्या प्रवासात इतकी खाती बदलतात हे मला कुणी असं दाखवलं नव्हतं.

एनआयसी ही आपल्या देशातली यादी, ताई वापरतात ती २००८ ची, जगाच्या यादीच्या धर्तीवर बनवलेली. त्यात २१ विभाग आहेत आन खाली फोडत फोडत १३०४ बारीक प्रकार. ताईंकडं त्याचं जाडजूड प्रिंटआउट आहे, पानं पिवळी पडलीत, कडेला पेन्सिलनं मराठीत लिहिलंय, गुऱ्हाळ, पिठाची गिरणी, लाकडी घाणा असं. तेवढं एक पुस्तक बघूनच मला विश्वास आला की हे काम कुणीतरी मनापासून करतंय.

पुढचा प्रश्न तर मला लई आवडला. आमच्याकडं तीन कामं चालतात, स्वतः तूर घेऊन डाळ करून व्यापाऱ्याला देणं, गावकऱ्यांची तूर त्यांचीच भरडून देणं, आन शेडच्या दारात किलो दोन किलो सुटी विक्री. मग मुख्य धंदा कोणता धरायचा? मी म्हणलं गल्ला बघा. त्या म्हणाल्या गल्ला नको, तूर आन लाईटबिल आन पोतं सुतळी वजा जाऊन कोणत्या कामात तुमच्याकडं जास्त राहतं ते सांगा. नियमच तसा आहे, ज्या कामातून जास्त मूल्य वाढतं ते मुख्य, बाकीचे कोड जोड म्हणून खाली टाकता येतात. म्हणजे वरती १०६१३ आन खाली किरकोळ विक्री. आन गावकऱ्यांची तूर भरडून देतो ते एनआयसीत उत्पादनातच येतं, माल दुसऱ्याचा असला तरी बदल आपल्या मशीनवर होतो म्हणून. पण जीएसटीत तेच काम सेवा धरतात! एकच मशीन, एकच तूर, एका कायद्यात उत्पादन आन दुसऱ्यात सेवा, कारण एका यादीला काम कसलं होतंय ते मोजायचंय आन दुसऱ्याला माल कुणाचा ते बघायचंय. हे समजावून सांगितलं म्हणून आमच्या बिलांचा पण एक घोळ वेळेत मिटला.

माझ्या पुढं एक खानावळवाले बसले होते, त्यांना पीएमईजीपीतून, म्हणजे नवीन धंद्याला कर्ज आन सबसिडी देणाऱ्या प्रधानमंत्री रोजगार निर्मितीच्या योजनेतून कर्ज पाहिजे होतं आन त्यांचं म्हणणं आम्ही पण बनवतोच की, स्वयंपाक म्हणजे उत्पादन नाही का. बरोबरच वाटतं ऐकायला. पण ताटात वाढून तिथंच खायला दिलं तर ५६, सेवा. तेच बंद पाकिटात चिवडा, शेव भरून दुकानादुकानात पाठवला तर १० नंबरमध्ये, उत्पादन. फरक नुसता कागदाचा नाही हो, पीएमईजीपीत उत्पादनाला ५० लाखापर्यंतचा प्रकल्प चालतो आन सेवेला २० लाखापर्यंतच. ताईंनी त्यांना खोटा कोड टाकून दिला नाही, सरळ सांगितलं की खानावळ म्हणूनच करा, पुढं मसाला कांडप टाकलंत तर ते वेगळं जोडू. दुसऱ्यानं कुणी ५०० जास्त घेऊन टाकून दिला असता.

साडूचं मानवतला जिनिंगमध्ये काम असतं, त्याला तिथं कोड बघितल्यावर धक्काच बसला. एवढं मोठं शेड, गाठी बांधायचा प्रेस, लायसन, सगळं कारखान्याचं, आन कापसाची सरकी काढून गाठी बांधणं एनआयसीत ०१६३२, शेतीच्या पोटात! जालन्यात बियाण्याची एवढी मोठी प्रोसेसिंग चालते ती पण ०१६४, शेतीच. आपल्या मराठवाड्यातले दोन नावाजलेले धंदे असे कारखान्यासारखे दिसून शेतीच्या खात्यात. मात्र कारखान्यांचा जो वार्षिक सरकारी सर्व्हे होतो त्यात हे दोन्ही खास धरून घेतात, एवढं ऐकून साडू जरा शांत झाला. मला विचाराल तर जिनिंगला शेतीत ठेवणं पटत नाही. सरकी वेगळी झाली की तिचं तेल निघतं, पेंड निघते, रुई सूतगिरणीला जाते, मग माल बदलला नाही असं कसं म्हणायचं? तुरीच्या सालाला एक न्याय आन कापसाच्या सरकीला दुसरा. ताई म्हणाल्या काका, पटत नसलं तरी फॉर्ममध्ये तोच टाकावा लागतो.

भाचा एमपीएससी करतोय, तो सोबत आला होता कारण त्याला खाणीवरून शंका होती. एका नोट्समध्ये खाणकाम प्राथमिक क्षेत्रात, दुसऱ्यात उद्योगात, क्लासमध्ये सरांनी नुसतं पाठ करा म्हणून सोडून दिलं. इथं उत्तर मिळालं. प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक ही विभागणी फिशर यांनी १९३५ मध्ये मांडली, १९४० मध्ये कॉलिन क्लार्क यांनी पुढं नेली, त्यात जमिनीतून पाण्यातून सरळ काढायचं ते पहिलं, त्याचं रूप बदलायचं ते दुसरं आन सेवा तिसरं. त्या हिशोबानं आपल्याकडं जीडीपीचे आकडे मांडताना खाण प्राथमिकमध्ये टाकतात. पण शेती, उद्योग, सेवा असे तीन गट केले की मग खाण उद्योगात जाते, कारखाने, वीज आन बांधकामासोबत. म्हणजे दोन्ही नोट्स बरोबर, प्रश्नात कोणती विभागणी विचारलीय ते बघायचं. बांधकाम पण तसंच, लई पोरं सेवेत टाकतात, पण ते द्वितीयक. भाच्यानं तिथंच वहीत उतरवून घेतलं.

माझं काम एकाच दिवसात झालं. उद्यममध्ये अपडेट फुकट होतं, ताईंनी त्यांच्या मेहनतीचे फक्त १५० घेतले आन ते पण आधी सांगून, की सरकारी फी शून्य आहे, हे माझ्या टायपिंगचे. नवीन सर्टिफिकेट घेऊन बँकेत गेलो, फाईल पुढं सरकली, ग्रेडर शेडमध्ये आलाय. सूक्ष्म उद्योगाची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटी आन उलाढाल १० कोटी झालीय, त्यामुळं आमच्यासारख्यांनी आकडे लपवायची गरजच नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

आता एक स्टार का कापला. बसायला तीनच खुर्च्या आहेत, उन्हाळ्यात बाहेर पत्र्याखाली दीड तास उभं राहावं लागलं, खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या माणसांचे लई हाल होतात, पाण्याचा माठ पण दुपारी रिकामा होता. लाईट गेली की सगळं बंद, इन्व्हर्टर नाही. ताई नसतील त्या दिवशी जो पोरगा बसतो तो चांगला आहे पण कोडचं त्याला जमत नाही, फोन करून ताई आहेत का ते विचारूनच जा. आन ती यादी कृपा करून मराठीत छापून भिंतीला लावा, निदान डाळमिल, गुऱ्हाळ, घाणा, गिरणी, जिनिंग, बेकरी एवढ्यांचे तरी कोड, लोक रांगेत उभे राहून वाचतील.

सोमवारी आन बाजाराच्या दिवशी जाऊ नका, बाकी दिवशी सकाळी १० च्या आत पोचा. आधारला जोडलेला मोबाईल सोबतच ठेवा, ओटीपी त्याच्यावरच येतो, माझा घरी राहिला होता म्हणून एक चक्कर वाढली. पॅन, बँक पासबुक, शेडचं लाईटबिल घ्या, आन गेल्या वर्षीचा खरेदी विक्रीचा हिशोब कच्चा का असेना वहीत लिहून न्या, ताई तो विचारतातच.