अमेरिकेत सरकारी जमिनीवर फुकट तंबू: अख्ख्या सीझनच्या वापरानंतर

मार्च ते ऑक्टोबर, ॲरिझोना, युटा, कॅलिफोर्निया आणि मग उन्हाळ्यात थेट साउथ डकोटा, या सगळ्या रोड ट्रिप्समध्ये आम्ही जमेल तिथे फुकटच तंबू ठोकला, त्यामुळे आता नीट लिहिता येईल. इथल्या आपल्या मराठी मंडळींना कॅम्पिंग म्हटलं की सहा महिने आधी सकाळी लॅपटॉप उघडून बसा आणि नॅशनल पार्कमधली साइट पकडा एवढंच माहीत असतं, नाही मिळाली की मोटेलला पैसे घालायचे. खरंच गरज नाहीये त्याची.

बीएलएम म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या जमीन खात्याकडे साधारण 24.5 कोटी एकर जमीन आहे, बहुतेक सगळी पश्चिमेकडच्या राज्यांत आणि अलास्कात, त्यात तीन महाराष्ट्र मावतील. त्याशिवाय फॉरेस्ट सर्व्हिसची, म्हणजे तिथल्या सरकारी वनखात्याची, 19 कोटी एकरांहून जास्त. यातल्या खूप मोठ्या भागात, जिथे मनाई केलेली नाही तिथे, रस्त्याकडेच्या आधीच वापरलेल्या जागेवर तुम्ही तंबू टाकू शकता, पैसे नाहीत, बुकिंग नाही. याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. साधारण नियम 14 दिवसांचा, मग जागा सोडायची, पण काही ठिकाणी, म्हणजे वायोमिंगमधल्या ग्रँड टीटन नॅशनल पार्कजवळ वगैरे, उन्हाळ्यात मुदत बरीच कमी असते.

आता मुख्य गोष्ट. सगळेजण ॲप कुठलं चांगलं हेच विचारतात. आयओव्हरलँडर आणि फ्रीकॅम्पसाइट्स दोन्ही वापरले, लोकांचे फोटो आणि रस्ता किती खराब आहे हे बघायला बरे आहेत, पण नुसत्या पिनवर विसंबून रात्री निघू नका. एका भरपूर वापरल्या जाणाऱ्या ॲपमधल्या पिनने आम्हाला अंधारात सरळ एका खाजगी रँचच्या कुलूपबंद फाटकापाशी नेऊन सोडलं, खाली रिव्ह्यू मात्र चांगले! पिन कोणीतरी कधीतरी टाकलेली असते, जमीन कोणाची आहे हे ती सांगत नाही. नेवाडा, वायोमिंगमध्ये तर जुन्या काळी रेल्वे कंपन्यांना केलेल्या जमिनीच्या वाटपामुळे एक चौरस मैल सरकारी, शेजारचा खाजगी, असा बुद्धिबळाचा पट आहे काही भागात.

म्हणून आमचं ठरलेलं काम म्हणजे एमव्हीयूएम, फॉरेस्ट सर्व्हिसचा मोटर व्हेइकल यूज मॅप. प्रत्येक जंगलाच्या वेबसाइटवर फुकट मिळतो, काळापांढरा, दिसायला अगदी रुक्ष, पण कुठल्या रस्त्यावर गाडी न्यायला परवानगी आहे हे त्यातच अधिकृतपणे कळतं आणि बऱ्याच जंगलांच्या नकाशात रस्त्याच्या कडेने बारीक ठिपके असतात, म्हणजे तिथे गाडी रस्त्यापासून ठराविक अंतर आत घेऊन मुक्काम करता येतो. तो अव्हेन्झा या नकाशांच्या ॲपमध्ये टाकला की नेटवर्क नसतानाही आपण नकाशावर नेमके कुठे आहोत ते दिसतं. फुकटच्या व्हर्जनमध्ये मोजकेच नकाशे बसतात, म्हणून पुढच्या टप्प्याचे नकाशे घेताना मागचे काढून टाकायचे, पण ही सगळी तयारी वायफाय आहे तोवरच.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिणेला तुसायान गावाला लागूनच कैबाब नॅशनल फॉरेस्ट आहे. मे महिन्यात आई-बाबा सांगलीहून आले होते, त्यांना घेऊन तिथेच राहिलो. हायवे सोडला की कडेला कमरेएवढी सपाट तपकिरी पट्टी उभी असते, तिच्यावर रस्त्याचा नंबर वरून खाली लिहिलेला, तो नकाशाशी जुळवायचा आणि मग पाइनच्या झाडांमध्ये जुन्या चुलीचे दगड दिसले की तीच जागा. आई गाडीतून उतरायलाच तयार नव्हती, "अगं पण हे रान कोणाचं? सकाळी कोणी काठी घेऊन आलं म्हणजे?" मी नकाशा दाखवला, बाबांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "गायरानच की हे." बरोबरच आहे, परमिट काढून गुरंसुद्धा चरतात यातल्या बऱ्याच जमिनीवर. जवळजवळ दोन हजार मीटर उंची आहे तिथे, मे असला तरी रात्री कडाक्याची थंडी पडते, आईबाबांना दोन-दोन ब्लँकेटं आणि कानटोप्या लागल्या. सकाळी स्टोव्हवर पोहे आणि चहा झाला आणि गर्दी व्हायच्या आत आम्ही रिमवर, म्हणजे कॅन्यनच्या कड्यावर.

साउथ डकोटात वॉल गावाजवळ बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँडमध्ये कड्याच्या काठावर जागा आहेत, खाली बॅडलँड्स, म्हणजे झिजून झालेल्या उघड्या सुळक्यांचा आणि घळींचा प्रदेश, पसरलेला, असा देखावा मी दुसरीकडे पाहिला नाहीये. पण वारा भयंकर. सगळ्या दोऱ्या ताणून बांधा, लांब खुंट्या न्या आणि काठापासून चांगलं आत रहा. युटात पाऊस पडलेला असेल तर मातीच्या रस्त्यावर शिरूच नका, ती चिकणमाती टायरला थरावर थर बसते, फोर व्हील ड्राइव्हसुद्धा चालत नाही.

मॉन्युमेंट व्हॅलीकडे आजूबाजूला सगळं उजाड दिसतं म्हणून लोक तंबू टाकतात, कृपा करून तसं करू नका, ती नावाहो नेशनची, म्हणजे नावाहो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीची, जमीन आहे, तिथे त्यांची परवानगी लागते.

आणि हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. या जागा फुकट आहेत पण कायम राहतीलच असं नाही. कॅलिफोर्नियात लोन पाइन गावाजवळच्या अलाबामा हिल्समध्ये, जिथे पाठीमागे माउंट व्हिटनीचं शिखर दिसतं, पूर्वी कुठेही राहायचे लोक, गर्दी आणि घाण इतकी वाढली की आता ठरवून दिलेल्या जागांवरच राहता येतं. युटातल्या मोआब गावाच्या आसपास बराच भाग बंद झालाय, आणि जिथे चालू आहे तिथे बऱ्याच ठिकाणी टॉयलेटची पिशवी सोबत नेऊन परत आणावी लागते. इतरत्र सहा ते आठ इंच खोल खड्डा, पाण्यापासून 200 फूट लांब, आणि टिश्यू परत पिशवीत. आपल्या ग्रुपमधल्या लहान मुलांना हे आधीच शिकवा, आमची मुलं आता निघताना दुसऱ्यांचासुद्धा कचरा उचलतात.

पाणी माणशी दिवसाला गॅलनभर तरी धरा, नॅशनल पार्कच्या व्हिजिटर सेंटरला भरून घ्या. आंघोळीला ट्रक स्टॉप, म्हणजे हायवेवरचे ट्रकवाल्यांचे थांबे, पैसे लागतात पण स्वच्छ असतात. कॅलिफोर्नियात या जमिनींवर गॅसच्या स्टोव्हलाही कॅम्पफायर परमिट लागतं, ऑनलाइन फुकट मिळतं. उन्हाळ्यात आगीचे निर्बंध मधेच बदलतात म्हणून निघायच्या आधी त्या भागाच्या रेंजर ऑफिसला फोन करा, रस्ता कसा आहे तेही विचारा, आम्हाला तरी दर वेळी नीट माहिती मिळाली. वीकेंडला बरीच ऑफिसं बंद असतात, तेव्हा फोन शुक्रवारी दुपारच्या आत.