भाचीच्या बारशासाठी घेतलेलं नावांचं ॲप

बारशाला भाचीच्या कानात नाव सांगायचा मान माझा, आत्याचा. म्हणून जगभरातल्या मुलींच्या नावांचं एक ॲप घेतलं. घानामधल्या अकान लोकांचा विभाग तर अप्रतिम! तिथे जन्मवारावरून नाव पडतं: शनिवारची अमा, शुक्रवारची अफिया, बुधवारची अकुआ. आमची शनिवारचीच, त्यामुळे ‘अमा’वर मी जीव टाकलाय. वहिनीला मात्र वेल्श ‘सेरेन’ आवडलं, म्हणजे तारा.

उच्चार ऐकायची सोय नाही, हे फार खटकलं. आयरिश ‘सीर्शा’, अर्थ स्वातंत्र्य, इथे स्पेलिंगबरहुकूम ‘साओइर्से’ छापलंय. बारशाला नाव चारचौघांत पुकारायचं असतं, उच्चार चुकून कसं चालेल? अर्थ मात्र नीट दिलेत. पाचपैकी साडेतीन तारे, अर्धा खास अकान विभागासाठी.