योकोकावाचा हंडीभात: पाचपैकी चार

एका डब्यासाठी टोकियोहून गाड्या बदलत जायचं म्हणजे खुळेपणा, असं आमच्या घरचं मत. पण मी कर्जतची. घाट चढायला मागून ढकलणारं जादा इंजिन, म्हणजे बँकर, लावायला गाडी थांबली की खिडकीशी वडेवाला, हे बघतच वाढले. जपानातल्या योकोकावा स्टेशनाचंही तसंच होतं म्हणे, मग राहवेना.

ताकासाकीहून साधी लोकल, अर्धा तास. योकोकावाला रूळच संपतात. पुढे उसुई घाट, पंधराला एक चढ, म्हणजे पंधरा फूट पुढे गेलं की एक फूट वर. आपला बोरघाट सदतीसला एक. त्यामुळे वर जाणाऱ्या गाडीला इथे मागून इंजिनं लागायची आणि तेवढ्या वेळात फलाटावर ‘तोगे नो कामामेशी’ (घाटावरचा हंडीभात) खपायची. १९५८ पासूनची रीत. गाडी हलली की विकणारे कमरेत वाकून निरोप देत. १९९७ मध्ये नागानोची शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, वेगळ्या वाटेने, बोगद्यांतून गेली आणि घाटातली गाडीच बंद झाली.

घाटावरच्या कारुइझावाची चंगळ झाली. टोकियोहून जेमतेम सव्वा तास, स्टेशनला लागून आउटलेट मॉल, रविवारी नुसती झुंबड. इकडे खाली योकोकावाला माझ्याबरोबर उतरले दोन कॅमेरेवाले आजोबा. शिनकान्सेनचं स्टेशन याही भागाला मिळालंय, आन्नाका-हारुना. पण ते डोंगरात आणि बऱ्याच गाड्या तिथे न थांबताच जातात. भात टिकला तो रस्त्यामुळे. तो विकणाऱ्या दुकानाने १९६२ लाच हायवेवर बस्तान बसवलं होतं. रेल्वेच्याच भरवशावर बसले असते तर?

आता डबा. माशिको या कुंभारकामाच्या गावचं मातीचं भांडं, तपकिरी, चांगलंच जड. झाकण काढलं की सोया सॉसच्या रंगाचा भात, वर कोंबडी, शिताके अळंबी, बांबूचे कोंब, लाव्याचं अंडं, चेस्टनट, मटार, लाल आलं. आणि एक गोड जर्दाळू! भातात जर्दाळू कशाला म्हणून मी ते बाजूला सारलं, शेवटी तोंडात टाकलं आणि गप्प बसले. तळाचा भात सगळ्यात भारी, रस तिथेच मुरलेला. लोणच्याची डबी वेगळी. तिखट मात्र नावाला नाही, एक गुण त्याचा कापला. शाकाहारी मंडळींनी वाटेला जाऊ नये.

भांडं घरी आणता येतं. माझ्याकडे आता त्यात दही लागतं, अगदी कवडीदार.