ऑरोविलमधलं भांडण-शिबिर: पाठ दुखली, अबोला सुटला (५ पैकी साडेतीन)

आधी आमची भानगड सांगते, त्याशिवाय रिव्ह्यू कळणार नाही. भोरच्या बाजूला आमच्यातल्या एकाच्या वडिलोपार्जित अडीच एकरावर आम्ही सहा कुटुंबांनी मिळून घरं बांधलीयत, स्वयंपाकघर एक, बोअर एक, इन्व्हर्टर एक, खर्चाची वही एक. ताई आणि तिचा नवरा तिथे कायमचे राहतात, आम्ही बाकीचे शनिवार-रविवारवाले. गेल्या वर्षी मे महिन्यात मी शनिवारी पोचले तर मी लावलेला शेवगा बुंध्यापासून कापलेला, कारण काय तर सोलर पॅनलवर सावली पडत होती. झालं. त्या दिवसापासून मी आणि ताई बोलत नव्हतो. आठ महिने. मध्ये माझा नवरा पोस्टमन, "तिला सांगा मोटर बंद केलीय", "तिला विचारा विरजण ठेवलंय का", आणि आम्ही दोघी एकाच ओट्यापाशी उभ्या.

शेवटी बाकीच्या चार घरांनी वैतागून सामायिक पैशांतून आमचं दोघींचं पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलमधल्या, भांडणं कशी सोडवायची याच्या चार दिवसांच्या वर्कशॉपचं बुकिंग करून टाकलं. आम्हाला विचारलंसुद्धा नाही (हे आमच्याकडचं अजून एक भांडण, ते पुढच्या मीटिंगला). वर्कशॉप घेणाऱ्यांचं नाव देत नाहीये कारण खाली थोड्या तक्रारी आहेत. गेलो जानेवारीत, तिकडचा पाऊस संपलेला असतो आणि उन्हाळा लागायचा असतो. पुण्याहून चालुक्य एक्सप्रेस थेट पुदुच्चेरीला जाते, आठवड्यातून तीनच दिवस आहे त्यामुळे तारखा आधी बघा. डब्यात समोरासमोरच्या सीटवर आम्ही दोघी आणि मध्ये तिने आणलेला चिवडा, जो मी बराच वेळ नाकारत राहिले आणि बंगळुरूच्या आसपास मुकाट्याने खाल्ला.

ज्यांना ऑरोविल म्हणजे फक्त सोनेरी गोळ्याचा फोटो एवढंच माहितीय त्यांच्यासाठी थोडं. २८ फेब्रुवारी १९६८ ला हे सुरू झालं, १२४ देशांतली मूठ-मूठ माती एका कलशात घातली होती, प्लॅन होता पन्नास हजार माणसांच्या शहराचा. आज राहतात सव्वातीन हजारांच्या आसपास, पण पन्नासेक देशांतले. जमीन, घर, काही कुणाच्या मालकीचं नाही. आता मालकी नाही म्हणजे भांडण नाही असं वाटत असेल तर सोडून द्या. ऑरोविल काढणाऱ्या श्रीमाताजी १९७३ मध्ये गेल्या आणि लगेच हे गाव नक्की कुणाचं यावरून राहणारे लोक आणि कागदोपत्री ताबा असलेली श्री अरविंद सोसायटी यांच्यात जुंपली, सरकारने १९८० मध्ये कारभार हातात घेतला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, शेवटी १९८८ मध्ये संसदेने यांच्यासाठी वेगळा कायदा केला. मला तर हे वाचून बरंच वाटलं, म्हटलं भांडायचं कसं हे शिकायचं तर अनुभवी माणसांकडे शिकावं.

वर्कशॉपमध्ये आम्ही चौदाजण. पहिले दोन दिवस मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची पद्धत: काय घडलं, काय वाटलं, कशाची गरज होती, आता काय मागणं आहे, या क्रमाने बोलायचं. त्याच्यात हातात घालायच्या जिराफ आणि कोल्ह्याच्या बाहुल्या असतात, जिराफाचं हृदय भलंमोठं म्हणून तो प्रेमाने बोलणारा, आणि कोल्हा दोष देणारा. बावन्नाव्या वर्षी हातात जिराफ घालून बोलायला मला फार लाज वाटली. ताईने मात्र कोल्हा घेतला आणि असा काही आवाज काढला की सगळे हसले, मीही हसले आणि मग आठवलं की आपण हिच्याशी बोलत नाही.

पहिल्या पायरीलाच मी आपटले. "घडलेलं सांगा, मत नको." मी म्हटलं, तिने मला गृहीत धरलं. मत. तिने मुद्दाम केलं. मत. माझ्या मेहनतीची किंमत नाही. तेही मत. तीन वेळा परत पाठवल्यावर माझ्या हातात एकच वाक्य उरलं: "मे महिन्यात मी शेतावर पोचले तेव्हा शेवगा कापलेला होता." इतकंच? आठ महिने मी नवऱ्याला रोज रात्री जे ऐकवत होते त्यात घडलेलं एवढंच होतं?

आता मुख्य तक्रार. सगळं इंग्रजीत. आणि "काय वाटतंय" आणि "काय विचार करताय" यात फरक करा, हा त्यांचा जो सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम आहे ना, तो मराठी डोक्यात बसतच नाही, कारण आपलं दोन्हीकडे 'वाटतं'! मला वाईट वाटतं, आणि मला वाटतं की ती शहाणपणा करते. क्रियापद एकच. ताई आणि मी रात्री खोलीत (हो, एकच खोली, पैसे वाचवायला) यावरच पहिल्यांदा धड बोललो. आणि आमचा नियम निघाला: 'वाटतं'नंतर 'की' आलं की समजायचं ही भावना नाही, हा आरोप आहे. दुसऱ्या दिवशी हे वर्गात सांगितलं तर एक तमिळ बाई म्हणाल्या आमच्याकडेही काही शब्दांची अशीच गंमत आहे, आणि त्यावर अर्धा तास गेला, तो अर्धा तास मला अख्ख्या कोर्समधला सगळ्यात कामाचा वाटला (की न लावता).

दुसरं म्हणजे त्यांनी भावनांची यादी दिली होती, दोन पानं छापील. त्यात राग होता, दुःख होतं, एकटेपणा होता, पण रुसवा कुठेच नाही. रागवायला कुणीही चालतं, रिक्षावालाही चालतो. रुसायला हक्काचं माणूस लागतं. मी ताईवर रागावलेच नव्हते खरं तर, रुसले होते, आणि ती समजूत काढायला यावी म्हणून आठ महिने ओट्यापाशी उभी होते. हे त्यांच्या यादीवर खूण करून कळलं नसतं. मराठी शिबिर कुणी घेणार असेल तर आधी ही यादी आपल्या शब्दांत नव्याने करा, प्लीज.

उरलेले दोन दिवस वर्तुळाचे. ही पद्धत डॉमिनिक बार्टर नावाच्या माणसाने नव्वदच्या दशकात ब्राझीलमध्ये, रिओच्या झोपडपट्ट्यांमध्ये काम करताना उभी केली. ज्याने केलं तो, ज्याला लागलं तो आणि ज्यांच्यावर परिणाम झाला ते सगळे एकत्र बसतात, पण आधी प्रत्येकाशी वेगळं बोलून, तो यायला राजी आहे का हे बघून. एकजण बोलतो, दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही, "तू काय ऐकलंस" ते सांगायचं. मग पहिल्याला विचारतात, हेच म्हणायचं होतं का? नाही म्हटलं तर परत. वाचायला अगदी बालवाडी वाटतं. करून बघा, घाम फुटतो.

आमचं वर्तुळ बाकीच्या बाराजणांसमोर झालं, मराठीत, कारण ताई म्हणाली इंग्रजीत मला चिडता येत नाही. लोकांना शब्द कळत नव्हते तरी बसून होते. ती म्हणाली, मे महिन्यात पाच दिवस इन्व्हर्टर बसला होता, मोटर बंद, मी आणि हे विहिरीवरून कळश्या आणत होतो आणि तुम्ही सगळे ग्रुपवर सूर्यास्ताचे फोटो टाकत होता. मी काय ऐकलं ते सांगितलं: "तुला त्रास झाला." नाही म्हणाली. "तुला मदत हवी होती." नाही. चौथ्या वेळी मी म्हटलं, तुला वाटतं की, आणि थांबले, आणि म्हटलं, तुला तिथे एकटं वाटतं, आणि आम्ही पाहुण्यासारखे येतो. ती हो म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. शेवग्याचं नावसुद्धा निघालं नाही वीस मिनिटं.

मग शेवटच्या दिवशी मी जो प्रश्न विचारला तो विचारायला धीर लागला. डिसेंबर २०२१ मध्ये इथेच रस्त्यासाठी जेसीबी आले, झाडं पडली, एक गट म्हणत होता ठरलेल्या आराखड्याप्रमाणे शहर व्हायलाच हवं आणि दुसरा म्हणत होता लोकांनी ओसाड जमिनीवर इतकी वर्षं राबून वाढवलेलं जंगल आहे, आधी बोला. हरित लवादापर्यंत आणि सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. आमच्या शेवग्याचीच गोष्ट, फक्त मोठी. मग तेव्हा हे वर्तुळ कुठे होतं? शिकवणाऱ्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, वर्तुळात येणारा स्वतःहून यावा लागतो, आणि ज्याच्या हातात जेसीबी आहे त्याला यायची गरज नसते. सारवासारव केली नाही, त्याचा अर्धा स्टार जास्तीचा.

तसं हे शिकायला एवढं लांब जायला हवंच असं नाही म्हणा. पवनारला विनोबांनी १९५९ मध्ये बायकांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं, तिथे कुणी प्रमुख नाही आणि निर्णय सर्वसंमतीने, एकीचंही मन राजी नसेल तर थांबायचं. आम्ही हे शेतावर पहिल्या वर्षी करून बघितलं होतं, पण खरं सांगायचं तर आमच्यात नको म्हणणारा माणूस नको म्हणायच्या ऐवजी अबोला धरतो.

बाकी पटापट. जेवण सोलर किचनमध्ये, छतावर पंधरा मीटर व्यासाचा आरशांचा वाडगा आहे, उन्हाने वाफ करून तिच्यावर शिजवायला, ताईने तो फिरून फिरून बघितला आणि सावलीचा विषय काढला नाही, मी नोंद घेतली. फिरायला स्कूटर भाड्याने घ्या, सगळं लांब लांब आहे. लाल मातीने पांढरे कपडे वाया जातात. मातृमंदिरात (तोच सोनेरी गोळा) आत बसायचं तर आधी वेळ घ्यावी लागते, ऐनवेळी गेलात तर लांबूनच बघून परत.

उणे गुण: इंग्रजी, जमिनीवर सहा-सहा तास बसणं (खुर्च्या मागितल्यावर दोनच आल्या), आणि महिन्याभराने ऑनलाइन पाठपुरावा घेऊ म्हणाले होते, तीन महिने झाले, दोन मेल टाकल्या, काही नाही. वर्तुळात ठरलेलं पाळलं जातंय का हे नंतर भेटून बघायचं, हा या पद्धतीचाच भाग आहे, तोच यांनी गाळला. शेवटी आम्हीच शेतावर चहाला बसून केलं. ठरलं होतं ते असं: दर महिन्याला एका शनिवारवाल्या कुटुंबाने सलग पाच दिवस, तेही कामाच्या वारी, तिथे राहायचं. फेब्रुवारीत मी राहिले, मार्चमध्ये एका कुटुंबाने टांग मारली, त्यावर परत वर्तुळ बसणार आहे.

जाणार असाल तर पाठीला टेकायला उशी न्या. आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याच्यासोबत एकच खोली घेऊ नका. ताई घोरते. हे मत नाही, घडलेलं आहे.